एक गाळप हंगाम सिरपीबरोबर: आउटपुट फाइलींच्या स्नॅपशॉट टेस्टिंगचा अनुभव

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात आम्ही पाच जण ऊसबिलाचं सॉफ्टवेअर करतो. काट्यावरून वजन येतं, दर लागतो, सोसायटीची वसुली वजा होते आणि पंधरवड्याचं बिल व बँकेची फाइल बाहेर पडते. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे देणं कायद्यानं बंधनकारक, त्यामुळे फाइल चुकली तर दुरुस्तीला सवड नसते. गेल्या दिवाळीआधी आम्ही पायटेस्टला, म्हणजे पायथॉन या भाषेतला कोड तपासणाऱ्या साधनाला, सिरपी हे जोड-साधन जोडलं. त्याला आता आठ महिने झाले.

सिरपीचं काम सोपं आहे. एकदा तयार झालेली फाइल, म्हणजे स्नॅपशॉट, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) जपून ठेवायची आणि पुढं दर वेळी नवी फाइल तिच्याशी ताडून बघायची. एक अक्षर हललं तरी टेस्ट पडते, म्हणजे नापास होते. बदल मुद्दाम केला असेल तर ‘स्नॅपशॉट-अपडेट’ हा पर्याय देऊन नवी फाइल मान्य करायची. २०१६ साली जेस्ट या जावास्क्रिप्टच्या टेस्टिंग साधनात ही सोय आल्यावर तिचा बोलबाला झाला, पण ‘गोल्डन मास्टर’ या नावानं पद्धत त्याआधीपासूनच होती.

पहिल्याच महिन्यात पैसे वसूल झाले. आमच्यातल्या एकानं रुपयात पूर्णांक करणारं आमचं जुनं फंक्शन काढून पायथॉनचं राउंड वापरलं. साध्या टेस्ट सगळ्या पास. स्नॅपशॉटमध्ये मात्र एक ओळ लाल झाली: १२.३५० टन, दर ३१५०, रक्कम ३८९०३ च्या जागी ३८९०२. खरा गुणाकार ३८९०२.५०. बरोबर अर्धा आला की पायथॉन जवळच्या सम संख्येकडे जातो, आणि आमच्या हातानं लिहिलेल्या टेस्टमध्ये पन्नास पैशांचं एकही उदाहरण नव्हतं. फरक रुपयाचाच, पण तो शेतकऱ्याचा रुपया आहे.

एक दुखणं मात्र दोन दिवस पुरलं. ‘शेतकऱ्याचे नाव’ या मथळ्याची ओळ पडत होती आणि स्क्रीनवर दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या. शेवटी एकेक कोड पॉइंट, म्हणजे अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक, छापून बघितला. एका कीबोर्डवरून आलेल्या मजकुरात स्वतंत्र ऱ होता, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यामागं न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. मजकूर एकसारखा करायची युनिकोडची एनएफसी ही पद्धत हा फरक मिटवत नाही, म्हणून फाइल लिहिण्याआधीच दोन्हींचं एक रूप करून घेणारी कोडची ओळ आम्ही घातली. यात दोष सिरपीचा नव्हता. उलट नावानं शोध घेतल्यावर काही सभासद का सापडत नव्हते, त्याचं कारण इथं मिळालं.

आता वाईट अनुभव. जानेवारीत हंगाम ऐन भरात असताना बिलाचा मथळा बदलला आणि एकदम १४० स्नॅपशॉट पडले. रात्री उशिरा सगळे एकाच कमांडनं मान्य केले. त्याच बदलात दोन सोसायट्यांचं कर्ज असलेल्या सभासदाची दुसरी वसुली छापायची राहून गेली होती. डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या फाइलींतला फरक दाखवणाऱ्या यादीत, ती ओळ गेलेली दिसत होती, पण १४० फाइलींच्या ढिगात कुणी वाचलीच नाही. चार दिवसांनी कारखान्याच्या हिशेबनिसांचा फोन आला, “साहेब, बेरीज लागत नाही ओ. दुसऱ्या सोसायटीची ओळ कुठं गेली?” बँकेत रक्कम बरोबर गेली होती, पण कागदावर हिशेब जुळेना म्हणून माणसं खिडकीवर ताटकळली. ते मला आजही लागून आहे.

त्यानंतर १४० चे १८ केले. प्रत्येक फाइलला प्रसंगाचं नाव दिलं: ‘दोन सोसायट्या’, ‘वसुली बिलापेक्षा जास्त’, ‘वारस नोंद’. मथळा एकाच टेस्टमध्ये तपासतो, म्हणजे तो बदलला तरी बाकीच्या हलत नाहीत. अपडेटचा कमिट (गिटमधली बदलाची नोंद) वेगळा असतो आणि ज्यानं कोड लिहिला त्यानं तो मान्य करायचा नाही. आता डिफ चहाच्या एका कपात वाचून होतो.

मजकुराच्या आणि सीएसव्ही (स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेल्या) फाइलींना मी हे डोळे झाकून सुचवेन. एक्सेलची फाइल मुळात झिप, म्हणजे बऱ्याच फाइलींचं गाठोडं असते आणि तिच्यात तयार झाल्याची वेळही जाते, म्हणून ती उघडून फक्त रकान्यांतली मूल्यं ताडतो. पीडीएफमध्येही तारीख आणि ओळखक्रमांक दर वेळी बदलतात. तिथं सध्या मजकूर काढून तेवढाच तपासतो, पण रकाना सरकून आकड्यावर आकडा बसला तर ते यात कळत नाही. पानाचं चित्र करून ताडायचा प्रयोग सुरू आहे. पुढचं गाळप सुरू व्हायच्या आत तो पुरा करायचा आहे.