आजोबांची पेटी: दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

चवथ (गणेश चतुर्थी) महिन्यावर आली की आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडच्या घरांत माळ्यावरची हार्मोनियम खाली उतरते. भाता हलवला की दम लागल्यासारखा आवाज येतो, दोन-तीन सूर मुके झालेले असतात आणि एखादा सूर पट्टी न दाबताच भोकाड पसरतो. मग घरात दोन तट पडतात. पोरं म्हणतात नवी घेऊया, आजी म्हणते ही तुमच्या आजोबांची आहे.

आजीची बाजू नुसती मायेची नाही, पण ती बरोबर आहे की नाही हे वरून कळत नाही. फुगलेलं लाकूड, उडालेलं पॉलिश, पिवळ्या पडलेल्या पट्ट्या यांवर जाऊ नका. जाणकाराकडून पेटी उघडून आतले सूर बघा, म्हणजे पितळी रीड, ज्यांची पातळ जीभ हवेने थरथरून आवाज देते. रीडच्या जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. म्हणजे दर वेळी सूर मिळवताना थोडं पितळ जातंच. जीभ जाड, स्वच्छ आणि कमी ओरखड्यांची असेल तर पेटी वाचवण्यासारखी आहे. त्यातून सूर जर्मन किंवा पॅरिसचे निघाले तर नव्या पेटीचं नाव काढू नका. हल्लीच्या पेट्यांत बहुधा गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर असतात. ते वाईट नसतात, पण जुन्या परदेशी सुरांच्या आवाजातला गोलावा क्वचितच मिळतो.

आमच्याच पेटीवर मी हे शिकलो. घाईत एकाकडे दिली, त्याने सगळे सूर कानशीने घासून चकचकीत करून आणले. चवथीत छान वाजली. पुढच्या श्रावणात मध्य सप्तकातल्या गंधाराची जीभ भजनाच्या मध्यावर तुटली.

बाकीची दुखणी किरकोळ. भात्याचं चामडं आणि कापड बदलता येतं. भाता भरून, एकही पट्टी न दाबता सोडा. तो झरझर मिटला तर कुठेतरी हवा गळते आहे. पट्टीखालची बनात (जाड लोकरी कापड) कसर खाते, तीही नवी बसते. आपोआप वाजणाऱ्या सुरामागे बहुतेक वेळा ढिली झालेली स्प्रिंग किंवा अडकलेला कचरा असतो. वाळवी मात्र सूर बसवलेल्या फळीत शिरली असेल तर ती फळीच गेली.

नवीचा फायदा सरळ आहे: दुकानातून आणली की वाजते. पहिल्या वर्षात तिचे सूर जरा हलतात, एकदा मिळवून घ्यावे लागतात. मुलगा शिकत असेल, कीबोर्ड किंवा बासरीबरोबर वाजवणार असेल तर नवीच बरी, कारण जुन्या परदेशी सुरांची उंची आजच्या वाद्यांशी जुळेलच असं नाही, आणि जुळवायची म्हणजे पुन्हा घासणं आलं. देवळातल्या भजनाला हा प्रश्न येत नाही. तिथे गाणारे पेटीच्या सुरात गातात. (आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. आमच्या भजनांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. पुढे आपल्या बोरीच्या तुळशीदास बोरकरांना हीच पेटी वाजवून २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली.)

तिसरी वाट लोक विसरतात: सूर जुने, खोका नवा. सूर चांगले आणि लाकूड खचलेलं असेल तर मी हीच निवडेन. कारागीर जुन्या सुरांच्या मापाची नवी फळी करतो. काम वेळखाऊ आहे आणि खर्च नव्या साध्या पेटीच्या आसपास जाऊ शकतो. देण्यापूर्वी सगळ्या सुरांचे फोटो काढा आणि मोजून द्या, परत घेताना पुन्हा मोजा.

सूर झिजलेले आणि फळीही पोखरलेली, असं दोन्ही असेल तर ती पेटी देवघराशेजारी ठेवा आणि वाजवायला नवी आणा.

दुरुस्तीचं ठरलंच तर शिमग्याच्या आधी द्या. कोरड्या हवेत सरस नीट सुकतो, आणि श्रावणात कारागिराकडे गावोगावच्या भजनी मंडळांच्या पेट्यांची रांग लागलेली असते.