कोल्ड एअर इनटेक: फोंड्यात घरीच बसवला, आठ महिने वापरला, पावसात उतरवला

दिवाळीच्या आधीचा रविवार. वाड्यावरची पोरं नरकासुराच्या पुतळ्याला कागद चिकटवत होती आणि मी नि माझा मेव्हणा आंब्याखाली बॉनेट उघडून उभे होतो. गाडी 2017 ची, 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नाही. कोल्ड एअर इनटेक म्हणजे इंजिनाला बॉनेटबाहेरची थंड हवा देणारा पाइप आणि फिल्टर; त्याचा किट ऑनलाइन मागवलेला, साडेअकरा हजारांचा: अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, तेल लावलेला कापडी कोन फिल्टर, सिलिकॉनचे दोन जोड, क्लॅम्प आणि हीट शील्ड म्हणून पत्र्याचा एक तुकडा.

बसवणं कठीण नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, दहा नंबरच्या पान्याने एअर बॉक्सचे (मूळ फिल्टरच्या पेटीचे) बोल्ट सोडवा, ब्रीदरची (इंजिनातली वाफ परत आणणारी) नळी हळूच ओढा, बॉक्स बाहेर. खरा वेळ खातो तो पुढचा भाग. पाइपचं टोक बंपरच्या आत, फॉग लॅम्पच्या मागे न्यायचं तर पुढचं चाक काढून मडगार्डच्या आतलं प्लास्टिक सोडवावं लागतं, आणि त्या प्लास्टिकच्या क्लिपा सात वर्षं गोव्याचं ऊन खाल्ल्यावर हात लावताच तुटतात. आमच्या पाच तुटल्या. दोन तासांचं काम दुपारच्या जेवणानंतरही चालू होतं. कंपनीचा एअर बॉक्स मात्र बोल्टांसकट पिशवीत बांधून माळ्यावर ठेवला. सगळ्या दिवसात शहाणपणाचं काम हे एवढंच.

गाडी सुरू केली आणि मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, आता कशी गाडीसारखी वाजते!" खरंच वाजते. साडेतीन हजार आरपीएमच्या वर थ्रॉटल उघडला की जो घोगरा, ओढल्यासारखा आवाज येतो, तो मला आजही आवडतो. बोरीचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढताना मी मुद्दाम काच खाली करायचो.

पण आवाज म्हणजे ताकद नव्हे. पहिल्या आठवड्यात गाडी चपळ वाटली, त्यातलं काही बॅटरी काढल्यामुळे ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, शिकलेलं पुसलं गेल्याने असावं, उरलेलं माझ्या कानांनी घडवलं. बरं झालं, किट बसवण्याआधीपासूनच ओबीडीचा (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा) स्वस्त ब्लूटूथ रीडर लावून आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि पळण्याची वेळ दोन्ही टिपत होतो. वेर्ण्याच्या सरळ रस्त्यावर, पहाटे रिकामा असताना, तिसऱ्या गिअरमध्ये 40 ते 80: आधी 8.6 ते 8.9 सेकंद, नंतर 8.5 ते 8.8. हा फरक किटचा की माझ्या पायाचा, ते देव जाणे.

कारण कळल्यावर हसू आलं. मूळ एअर बॉक्सचं तोंड कंपनीने आधीच ग्रिलच्या मागे, थंड हवेत ठेवलेलं होतं. बाहेर 33 अंश असताना चालत्या गाडीत जुन्या बॉक्सने 37 दाखवले होते, नव्याने 36. एक अंशासाठी साडेअकरा हजार. हवेची घनता निरपेक्ष तापमानावर (अंश सेल्सिअस अधिक 273) ठरते, म्हणजे आपल्या हवामानात साधारण तीन अंश उतरले तर एक टक्का जास्त हवा आत जाते. एका अंशाने काय होणार?

मायलेज? पहिल्या महिन्यात 17.2 चं 16.6 झालं, आवाज ऐकण्याच्या हौसेने. हौस फिटली तशी गाडी 17 वर परतली.

आता खटकलेल्या दोन गोष्टी. पहिली लाल धूळ. गोव्यातली जांभ्याची धूळ पिठासारखी बारीक असते, आणि उसगावच्या बाजूला खनिजाचे ट्रक चालतात त्या रस्त्यावर तर विचारूच नका. पाच हजार किलोमीटरला फिल्टर धुवायला काढला, तेव्हा पाइपच्या आतून, म्हणजे फिल्टर ओलांडल्यानंतरच्या बाजूने, पांढरं फडकं फिरवलं. फडक्यावर फिकट तांबडा थर आला. माळ्यावरचा जुना बॉक्स काढून त्याच्या स्वच्छ बाजूने तेच फडकं फिरवलं, ते जवळपास कोरं राहिलं. जास्त हवा जाऊ देणारा फिल्टर बारीक धूळही जास्त जाऊ देतो, आणि ती पिस्टन रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते. तेल बेताचं लावून, रात्रभर ठेवून पुन्हा बसवला. थर कमी झाला, गेला नाही.

दुसरी गोष्ट पाऊस. नवीन फिल्टरचं तोंड जमिनीपासून जेमतेम फूटभर. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कामावरून येताना एका सखल वळणावर पाणी साचलेलं, पुढची बस पार गेली म्हणून मीही चाक घातलं. बसने उठवलेली लाट बंपरवर आपटली आणि आवाज बदलला, गुळण्या केल्यासारखा. लगेच पाय काढला, रिव्हर्स घेतला, इंजिन बंद केलं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि विम्याच्या साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. माझ्याकडे नव्हतं. आणि किट लावल्याचं मी विमा कंपनीला कळवलंही नव्हतं, ते वेगळंच.

ओळखीचे मेस्त्री आले, ओला फिल्टर हातात धरून पिळल्यासारखं केलं आणि विचारलं, "कितें केलां रे हें?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नशिबाने पाणी पाइपच्या पहिल्या वळणापर्यंतच पोचलं होतं.

मधला मार्गही करून पाहिला: खालचा पाइप काढून कोन बॉनेटखालीच ठेवला. पणजीच्या ट्रॅफिकमध्ये रीडर 60 दाखवायला लागला. साठ अंशांची हवा पस्तीस अंशांच्या हवेपेक्षा साडेसात टक्के विरळ. म्हणजे नावाला कोल्ड एअर आणि गाडी चढावर आधीपेक्षा मंद. चार दिवसांत तेही काढलं.

तरी घ्यायचाच असेल, तर टर्बो गाडी असलेल्याने आणि सोबत ट्यून करून, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून, घेणाऱ्याने घ्यावा. साध्या इंजिनावर नुसता किट म्हणजे पाइप आणि आवाज. धुळीच्या रस्त्यावरचं रोजचं येणं-जाणं असेल तर मूळ बॉक्समध्ये चांगला कागदी फिल्टर घाला आणि वेळेवर बदला, तीनशे-चारशे रुपयांत काम होतं.

जुना बॉक्स माळ्यावरून उतरवून पाऊण तासात बसवला. क्लिपा मडगावहून नव्या आणल्या, पाच मागितल्या तर दहाचं पाकीटच मिळालं. किट आता त्याच पिशवीत माळ्यावर आहे. मेव्हणा चार हजार देतो म्हणतो, मी सहावर अडून बसलोय. आवाज आवडला होता त्यालाच, मग भाव कसला करतोय?