डोंगरात वाहिलेली भांडी: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

ट्रेकसाठी भांडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न वजनाचा येतो. मी म्हणेन, आधी शिजवणार काय ते ठरवा. परदेशी व्हिडिओत हलक्या भांड्यात पाणी उकळतात, पाकिटात ओततात आणि जेवण झालं. आपण रांगणा किल्ल्यावर मुक्काम टाकला तर भात लावतो, पिठलं करतो आणि कांदा-लसूण चटणी डब्यातून नेलेली असते. गेल्या पावसाळ्यापासून या उन्हाळ्यापर्यंत तीन प्रकारची भांडी पाठीवर वाहून माझं मत पक्कं झालंय: दोघा-तिघांनी सह्याद्रीत फिरायचं असेल तर हार्ड ॲनोडाइज्ड (म्हणजे वर कडक करडा थर चढवलेल्या) ॲल्युमिनियमचं, पसरट बुडाचं, साधारण दीड लिटरचं पातेलं घ्यावं. टायटॅनियम एकट्याने फिरणाऱ्यासाठी. स्टील घरी राहू दे.

कारण धातूतच आहे. स्टीलची घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट. टायटॅनियम या दोघांच्या मधे, पण ते इतकं मजबूत असतं की पत्रा अगदी पातळ ठेवता येतो, म्हणून भांडं हाताला कागदासारखं लागतं. माझा पाऊण लिटरचा टायटॅनियमचा मग काट्यावर शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो. दीड लिटरचं ॲनोडाइज्ड पातेलं झाकणासकट अडीचशेच्या घरात, आणि तेवढंच स्टीलचं त्याच्या जवळपास दुप्पट.

आता गंमत उष्णतेची. ॲल्युमिनियम टायटॅनियमच्या साधारण दहापट उष्णता वाहून नेतं. बर्नरची ज्योत बुडाच्या मधोमध लागली तरी ॲल्युमिनियमचं सगळं बूड तापतं; टायटॅनियममध्ये जिथे ज्योत तिथेच भाजतं. पाण्याला याने फरक पडत नाही, पाणी स्वतःच फिरत राहतं. पिठल्याला पडतो. दाजीपूरच्या बाजूला एका मुक्कामात टायटॅनियममध्ये पिठलं केलं, ज्योत शक्य तेवढी बारीक, हात सतत ढवळत. तरी खाली बर्नरच्या आकाराचं गोल, काळं कडं उमटलं आणि कडेचं बेसन कच्चंच. तेच पिठलं ॲनोडाइज्डमध्ये फोडणीपासून शेवटपर्यंत निवांत होतं, लसूणसुद्धा सारखा तांबूस होतो.

भाताचंही तसंच. मी आजऱ्याचा घनसाळ नेतो, कारण सोबत दुसरं काही नसलं तरी तो नुसता खाववतो. तांदूळ अर्धा तास भिजवायचा, उकळी आली की पाच-सहा मिनिटं मंद ठेवायचा, मग गॅस बंद करून झाकणासकट पातेलं टॉवेलात आणि वरून जॅकेटात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं विसरून जायचं. भात आपला आपण मुरतो. लिटरभर पाणी उकळायला वारा नसताना बारा-पंधरा ग्रॅम गॅस जातो, म्हणजे मोठ्या २३० ग्रॅमच्या डब्यात दोघांचे दोन दिवस आरामात निघतात. पण उघड्या माळावर हिशोब पार कोलमडतो. मसाई पठारावर वारा असा सुटतो की ज्योत आडवी होऊन भांड्याला लागतच नाही. तिथे खडकाचा आडोसा शोधायचा किंवा वाऱ्याच्या बाजूने पत्र्याची अर्धीच भिंत धरायची. डब्यावर बसणाऱ्या शेगडीभोवती पूर्ण वेढा घालू नका, गॅसचा डबा तापतो आणि ते जिवावर बेतू शकतं. पावसात तंबू बंद करून आत शेगडी पेटवायचा मोह होतो, तोही टाळा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पन्हाळा-पावनखिंडीच्या वाटेवर जुलैत तीन दगडांची चूल पेटणं कठीणच, सरपण सगळं भिजलेलं. मंदिराची ओवरी मिळाली तर परवानगी घेऊन तिथेच शेगडी लावावी. उन्हाळ्यात उलटा धोका: गवत वाळलेलं असतं आणि अभयारण्यात आग पेटवायला बंदी आहे. म्हणून बारमाही गॅसच, आणि भांडंही गॅसला साजेसं.

टिकाऊपणाचं आता सविस्तर सांगतो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. पातेलं स्वतः काही होत नाही. बॅगेत दाबलं गेलं, दगडावर आपटलं, काठाला बारीक पोचा आला, झाकण अजून बसतं. खराब होतो तो दांडा. माझ्या पातेल्याचे घडीचे दांडे रिवेटवर बसवलेले होते. दोन-तीन महिन्यांत एक रिवेट ढिला झाला आणि भरलं पातेलं उचललं की ते एका बाजूला कलायचं. उकळता भात हातात असताना ही चेष्टेची गोष्ट नाही. दांड्यावरचं सिलिकॉनही ज्योतीकडच्या टोकाला करपून चिकट झालं. कंपनीला कळवलं, उत्तर आलं नाही. शेवटी दोन्ही दांडे काढून टाकले, भोकं रिवेट ठोकून बंद करून घेतली आणि घरातली छोटी सांडशी न्यायला लागलो. सांडशीची पकड दांड्यापेक्षा घट्ट बसते, ती जळत नाही, आणि तीच झाकण उचलायला, चहाचा कप धरायला चालते. नवीन घेणाऱ्यांनी दांड्याच्या घड्या बघून भुलू नका, काठ बाहेरून वळवलेला आहे ना ते बघा, म्हणजे सांडशी घसरत नाही.

दुसरं, घासणं. ॲनोडाइज्डचा तो करडा थर म्हणजे विजेच्या प्रक्रियेने जाड केलेला ॲल्युमिनियम ऑक्साइड. तो कडक आहे, चिंच-कोकम-टोमॅटोला दाद देत नाही, आमटी बिनधास्त करा. क्षाराला मात्र तो हरतो. सोडा आणि राख दोन्ही क्षारयुक्त. एका वाडीत मावशींनी आमचं पातेलं मायेनं हातातून घेतलं, "राहू दे रे, मी घासते," म्हणून राख आणि काथ्याने लखलखीत करून दिलं. दोन-तीन मुक्काम असेच झाले आणि बुडाजवळ फिकट, पांढुरका पट्टा पडला. आता मी साबणाची वडी आणि स्पंज सोबत ठेवतो. कधी चुलीवर ठेवायची वेळ आलीच तर बाहेरून आधी ओल्या साबणाचा हात फिरवायचा, काजळी पाण्याबरोबर निघून जाते.

नॉनस्टिकचा थर असलेलं ट्रेकचं भांडं मी घेणार नाही. हा थर २६० अंशांच्या वर खराब व्हायला लागतो, आणि रिकामं भांडं शेगडीवर राहिलं तर तेवढं तापमान चटकन गाठलं जातं. शिवाय बॅगेत चमचा, सुरी, गॅसचा डबा सगळं त्याच भांड्यात कोंबायचं असतं. ओरखडे पडणारच.

पैशांबद्दल. टायटॅनियम कितीतरी महाग पडतं. फक्त चहा, सूप, मॅगी एवढंच करणार असाल, एकटे फिरत असाल आणि ग्रॅम-ग्रॅम मोजत असाल तर जरूर घ्या, माझा मग मी अजून नेतो. पण बजेट तंग असेल तर कोल्हापुरातल्या कुठल्याही जुन्या भांड्यांच्या दुकानात जा. जर्मनची, म्हणजे साध्या ॲल्युमिनियमची, डेचकी तिथे वजनावरच विकतात, काटा समोरच असतो. दुकानदार "जाड घ्या, टिकतंय" म्हणून जड गेजची पुढे करेल. तुम्ही मधली मागा. अगदी पातळ घेतली तर पहिल्याच मुक्कामात पोचे पडतात आणि बूड फुगून शेगडीवर डुगडुगतं. डेचकीत २३० ग्रॅमचा गॅसचा डबा उभा बसतो का ते तिथेच बघा, निदान सव्वा लिटरची लागेल. उरलेल्या जागेत शेगडी, लायटर आणि चटणीची डबी बसते. एकच काळजी: साध्या ॲल्युमिनियमवर ॲनोडाइज्डसारखा जाड थर नसतो, त्यामुळे आंबट आमटी त्यात रात्रभर ठेवू नये. भात, पिठलं, चहा खुशाल करा.

सहा-सात जण असाल तर हा सगळा विचार सोडा. दीड लिटरमध्ये तेवढ्यांचा भात होत नाही, आणि मोठं पातेलं कोणीतरी एकट्यानेच वाहायचं असतं. पायथ्याच्या वाडीत आधी सांगून ठेवलं तर घरचं जेवण मिळतं. भाकरी, आमटी, हवं तर अंड्याचा रस्सा. त्याचे पैसे मागतील तेवढे द्यावेत, आणि बॅगेत फक्त चहाचं भांडं न्यावं.