भाडेकरूकडून फ्लॅट सोडवून देणाऱ्या वकील मॅडम, साडेतीन स्टार

आधीच सांगते, काम झालंय, चावी हातात आहे. तरी पाचपैकी साडेतीनच देतेय, दीड का कापला ते येतंच पुढे.

बाबांचा डोंबिवलीला वन बीएचके, १४ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट. ॲग्रीमेंट संपलं तर भाडेकरू म्हणे काका मुलीची बारावी आहे, मेपर्यंत थांबा. बाबा थांबले. मे गेला, गणपती पण गेले, मग भाडंही बंद आणि वर "कोर्टात जा, बघतो कोण काढतंय". मामा म्हणाला पाणी तोडा, दोन दिवसांत पळेल. ओळखीतले एक वकील म्हणाले दिवाणी दावा लावू, दहा वर्षं धरून चाला 😑

या मॅडमनी फाइल उघडायच्या आधीच विचारलं, ॲग्रीमेंट रजिस्टर आहे का? होतं. म्हणजे एजंटचं चालू होतं की अकरा महिन्यांचंच आहे नोटरी पुरे, पण मी १००० रुपये फी भरून करायलाच लावलं होतं. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करावंच लागतं आणि ती जबाबदारी मालकाची, नाही केलं तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरतात, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करत बसा, शिवाय ५ हजारांपर्यंत दंड नाहीतर ३ महिन्यांपर्यंत कैद. पाण्याचं ऐकून तर मॅडम मामावर अशा उखडल्या, म्हणे पाणी लाइट तोडलंत तर उलट तुमच्यावरच केस होईल.

मग भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २४ (मुदत संपली की मालकाला घर परत मिळवून देणारं) लावून सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असल्या केसेस ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज. भाडेकरू साहेबांनी समन्सचं पाकीटच घेतलं नाही, पोस्टमनने 'घेण्यास नकार' लिहून परत पाठवलं, आणि तेवढ्यावर समन्स मिळालं असं धरता येतं म्हणे! समन्सनंतर ३० दिवसांत ॲफिडेव्हिट देऊन लढायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर मालकाचं म्हणणं मान्य असंच समजतात. हा शेवटच्या आठवड्यात उगवला, काकांनी तोंडी दोन वर्षं वाढवून दिलीत म्हणे, आणि पुरावा काय तर बाबांचा 'चालेल, थांबा' असा व्हॉट्सॲप मेसेज. त्या दिवशी बाबांनी मॅडमची जी बोलणी खाल्ली ती घरी कुणालाच सांगितली नाहीत. पण असल्या केसमध्ये लेखी ॲग्रीमेंट हाच अंतिम पुरावा, मॅडमनी तेवढाच एक मुद्दा धरून ठेवला आणि परवानगी नाकारली गेली. अर्ज केल्यापासून आठव्या महिन्यात ऑर्डर. रिव्हिजनला, म्हणजे ऑर्डर वरून तपासून घ्यायला, जातो म्हणाला, गेला नाही. फ्लॅट सोडताना पंखे ट्यूबलाइट मात्र काढून नेले. ताबा घेताना मॅडमच्या ज्युनियरने सगळ्याचा व्हिडिओ काढला आणि ताबा पावतीवर भाडेकरूची सही घेतली, हे मला सुचलंच नसतं.

आता दीड स्टार. मॅडम फोन उचलत नाहीत. म्हणजे उचलतच नाहीत. तारीख पुढे गेलेली आम्हाला बांद्र्याला पोचल्यावर कळायची, दादरला गाडी बदलून, गुडघेदुखीवाल्या बाबांना घेऊन, असं एकदा नाही तीनदा. 'टायपिंग झेरॉक्स इतर' म्हणून ६५०० घेतले त्याची पावती अजून नाही. आणि मुदत संपल्यापासून दुप्पट दराने म्हणजे महिना २८ हजारांनी भरपाईची ऑर्डर आहे ती ऐकून आम्ही खूष, पण डिपॉझिट वळतं करून उरलेले पैसे वसूल करायचं काम वेगळं आणि फीही वेगळी हे कधी सांगितलं तर चावी मिळाल्यावर. पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?

वसुलीसाठी बहुतेक यांच्याकडेच जाणार. फी मात्र आधी कागदावर लिहून घेणार आणि ज्युनियरचा नंबर पण, तो उचलतो.