बिडी सोडायची तर च्युइंगम की पट्टी?

डॉक्टरांनी धापेचा पंप हातात देऊन बिडी बंद करायला सांगितली, की प्रश्न एवढाच उरतो: निकोटिनचं च्युइंगम घ्यायचं की पट्टी लावायची? खर्ऱ्याला, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणाला, मी पर्याय मानतच नाही. आमच्या काटोलकडे बरेच जण बिडी सोडतात आणि पानठेल्यावर खर्रा घोटून मागतात. छाती वाचवायला जाऊन तोंड घालवायचं, यात काय शहाणपण?

पट्टी तशी सरळ आहे. सकाळी आंघोळीनंतर दंड कोरडा करून लावली, की निकोटिन दिवसभर संथपणे अंगात उतरत राहतं. रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढून ठेवावी. एसीत बसून काम करणाऱ्याला मी पट्टीच सांगेन.

माझं बिनसलं ते घामावरून. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, संत्र्याच्या बागेला पाणी देताना अंग नुसतं निथळत असतं. दुपारी सदरा काढावा तर पट्टी दंडावर नाहीच. बाहीला आतून चिकटलेली, वर मातीचा थर. वरून चिकटपट्टी मारून पाहिली, तर खाली घामोळ्या उठल्या. बरं, पट्टी निघाल्याचं कळतं कधी? तलफ डोक्यात गेल्यावर. आणि नेमका तेव्हाच शेजारचा गडी बंडल पुढे करतो.

गमचेही नखरे आहेत. चहानंतर पंधरा मिनिटं थांबावं लागतं, नाहीतर निकोटिन तोंडात नीट शोषलं जात नाही. आणि बिडी आठवते ती तर चहावरच! ही पंधरा मिनिटं मी कशीबशी काढतो, पण निभतं. खर्ऱ्याची सवय असलेला माणूस गम कचाकचा चावतो, मग उचक्या लागतात, जळजळ होते. तिखट लागेपर्यंत हळू चावून गालात दाबून ठेवायचं, चव उतरली की पुन्हा चावायचं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल, तर २ मिलिग्रॅमचं पुरत नाही. ४ चं लागतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

कवळी असेल तर गम तिला चिकटतं, तिथे माझं काही चालत नाही. फार जुनी सवय असेल तर डॉक्टर दोन्ही एकत्रही देतात. पण मे महिन्यात शेतावर राहून सोडायची असेल, तर मी तरी खिशात गमच ठेवेन. मध्येच धीर सुटला तर १८०० ११ २३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे.