गच्चीवर बोलका, मोहाखाली मुका: एका बॅट डिटेक्टरचा अनुभव

वटवाघळांचे आवाज माणसाच्या कानाला ऐकू येतील अशा पट्टीत उतरवून देणारा एक बॅट डिटेक्टर मी जानेवारीत साडेनऊ हजार रुपयांना ऑनलाइन मागवला. कंपनीचे नाव देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार यंत्राबद्दल नसून त्याच्या खोक्यावरील चित्राबद्दल आहे. चित्रात एक चिमुकले वटवाघूळ हवेत तरंगत, फुलात लांब जीभ घालून मकरंद पीत आहे. चैत्रात मोह फुलला की रामटेकजवळच्या मित्राच्या शेतावर जायचे आणि फुलांवर येणाऱ्या वटवाघळांचे आवाज ऐकायचे, हा बेत त्या चित्रामुळेच ठरला.

नागपुरात घरी यंत्राने उत्तम काम केले. सेमिनरी हिल्सजवळच्या आमच्या गच्चीवरून पथदिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या लहान कीटकभक्षी वटवाघळांवर ते रोखले आणि कोणत्या पट्टीतला आवाज पकडायचा ते ठरवणारी चकती ४५ ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास आणली, की ओल्या हातांनी टाळ्या वाजवाव्यात तसे टप टप ऐकू येते. किडा टप्प्यात आला की ते दाट होत जाते आणि शेवटी कापड टरकावल्यासारखा आवाज होऊन क्षणभर सारे शांत होते. माणसाचा कान जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, त्यामुळे डोक्यावरचा हा गोंगाट मला इतकी वर्षे ठाऊकच नव्हता. चकती जरा घट्ट आहे आणि हेडफोनची वायर आखूड आहे, पण ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर यंत्र दोन महिने चालले.

मार्चअखेरीस शेतावर मात्र वेगळाच प्रकार झाला. धुऱ्यावरच्या मोहावर अंधार पडताच वटवाघळे उतरली. पंखांची फडफड, फांद्यांवरची ओढाताण आणि खाली टपटपणारी फुले नुसत्या कानाने स्वच्छ ऐकू येत होती, पण हेडफोनमध्ये खरखरीखेरीज काही नव्हते. मी चकती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, बॅटरीही बदलली. शेवटी मित्राच्या वडिलांनी विचारले, "बाबू, तुमचं मशीन बहिरं झालं का?"

यंत्र बहिरे नव्हते. खोक्यावरचे वटवाघूळ अमेरिका खंडातल्या पर्णनासिक (नाकावर पानासारखा पडदा असणाऱ्या) कुळातले आहे आणि ते घशातून काढलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकत फुलापर्यंत पोहोचते. तिकडच्या काही फुलांनी तर या कानांसाठीच आकार घेतला आहे. आपल्या खाजकुइलीच्या गणातली मुकुना होल्टोनी ही वेल घ्या. तिच्या फुलाची एक पाकळी लहानशा अंतर्गोल आरशासारखी असून आवाज आला त्याच दिशेला परत पाठवते, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या पाकळीत कापूस भरला तेव्हा वटवाघळांच्या भेटी घटल्या. २००५ साली इक्वेडोरमधून नोंदल्या गेलेल्या अनौरा फिस्टुलाटा या जातीची जीभ साडेआठ सेंटीमीटरपर्यंत लांबते, म्हणजे तिच्या शरीराच्या दीडपट. मकरंदातून साखर मिळते, प्रथिने जवळजवळ नाहीतच. ती उणीव अंगाला चिकटलेले परागकण चाटून भरून काढली जाते.

आपल्या मोहावर येणारी आखूड नाकाची फळभक्षी वटवाघळे आणि मोठी वाघळे निराळ्या कुळातली आहेत. ती घशातून असा आवाज काढत नाहीत, मोठ्या डोळ्यांनी आणि तीक्ष्ण नाकाने वाट काढतात. गुहांत राहणारे रूसेटस नावाचे फळभक्षी वटवाघूळ जिभेने टकटक करते, तो या कुळातला अपवाद. शिवाय ही मंडळी केवळ मकरंदावर जगणारी नव्हेत. फळे हाच त्यांचा मुख्य आहार आणि मोहाची गोड, मांसल फुले हा चैत्रातला मेवा. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते.

यंत्र पिशवीत टाकून टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद बांधला आणि दुर्बीण लावली, तेव्हा कुठे आवाजाच्या मागे लागून मी काय हुकवत होतो ते दिसले. मोहाच्या कळीतून स्त्रीकेसराची वाहिनी पाकळ्या उमलण्यापूर्वीच सुईसारखी बाहेर डोकावते. पुंकेसर मात्र मांसल पाकळीनळीच्या आत दडलेले असतात. वटवाघूळ ती नळीच तोंडाने ओढून काढते, रस गिळून चोथा थुंकते. परागकण तोंडाला माखलेले घेऊन ते दुसऱ्या झाडावर गेले, की तिथल्या बाहेर आलेल्या वाहिन्या ते परागकण घ्यायला आधीच तयार असतात. नळी उपटली तरी भावी फळाचा भाग देठाशी शाबूत राहतो. पहाटे काकूंनी टोपलीत वेचलेल्या फुलांत काही चावलेली होती, ती त्यांनी न कुरकुरता बाजूला काढली आणि म्हणाल्या, "त्यांचा वाटा हाय तो."

विक्रेत्याला मी चित्राबद्दल लिहिले. "उत्पादनात दोष आढळला नाही" असे एका ओळीचे उत्तर आले, आणि ते अक्षरशः खरेच आहे. घराभोवतीची कीटकभक्षी वटवाघळे ऐकायची असतील तर हे यंत्र जरूर घ्यावे. तेवढ्यासाठी मी पाचपैकी चार गुण देईन. मोहावर, काटेसावरीवर किंवा केळफुलावर येणारी वटवाघळे पाहायची असतील तर साडेनऊ हजार रुपयांत बरी दुर्बीण येते, आणि लाल जिलेटिन सीताबर्डीत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते.