इंटरनेट नसलेल्या क्लस्टरमधली हार्बर रजिस्ट्री: काही महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातील कुंडई औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्याचे काम मी पाहतो, तिथला कुबरनेटीस क्लस्टर, म्हणजे कंटेनरमध्ये बांधलेले प्रोग्रॅम चालवणारा यंत्रांचा समूह, हेतुपुरस्सर इंटरनेटपासून तोडलेला आहे आणि त्याला लागणारी प्रत्येक इमेज (प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचा तयार संच) आतल्या हार्बर रजिस्ट्रीतूनच, म्हणजे इमेजच्या भांडारातूनच, येते. सगळा पावसाळा ही व्यवस्था वापरल्यानंतर आता लिहावेसे वाटले, ते रजिस्ट्रीची डिस्क भरून झालेल्या खोळंब्यामुळे आणि त्यावर सेवा कंत्राटदाराने सुचवलेल्या खर्चिक उपायामुळे.

रात्रीच्या नियोजित कामांचे पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचे गट) अचानक इमेजपुलबॅकऑफमध्ये, म्हणजे इमेज आणता न आल्याच्या स्थितीत, अडकले. नोडची, म्हणजे क्लस्टरमधल्या एका यंत्राची, डिस्क ८५ टक्के भरली की त्यावरचा व्यवस्थापक प्रोग्रॅम क्युबलेट वापरात नसलेल्या इमेज स्वतःहून काढू लागतो आणि वापर ८० टक्क्यांपर्यंत खाली आणू पाहतो. लागल्यास त्या रजिस्ट्रीतून पुन्हा आणता येतील, हे त्यात गृहीत असते. आमच्याकडे ती एकमेव रजिस्ट्रीच बंद पडली होती. हार्बरच्या मूळ मांडणीत इमेजचे लेयर (ती ज्या थरांनी बनते ते), पोस्टग्रेस डेटाबेस आणि जॉबचे लॉग एकाच डेटा फोल्डरखाली राहतात, त्यामुळे लेयरनी डिस्क व्यापताच डेटाबेसला लिहायला जागा उरली नाही आणि ज्या पॅनेलवरून साफसफाई करायची, तिथे लॉगिनही होईना.

कंत्राटदाराने मोठ्या एसएसडीचे कोटेशन पाठवले. याचा मला मनापासून संताप आला, कारण आम्ही जुने टॅग (इमेजच्या आवृत्त्यांची नावे) नियमितपणे काढत होतो आणि तरीही जागा का सुटत नाही, याचा विचार कोणी केलेला नव्हता. हार्बरमध्ये इमेज काढली, तरी तिचे लेयर डिस्कवर तसेच राहतात. एकच लेयर अनेक इमेजमध्ये वापरलेला असू शकतो, म्हणून तो लगेच पुसता येत नाही आणि त्यासाठी गार्बेज कलेक्शन (कोणतीही इमेज वापरत नसलेले लेयर पुसण्याचे काम) वेगळे चालवावे लागते, हे पटण्यासारखे आहे. परंतु त्याचे वेळापत्रक सुरुवातीला रिकामेच असते, हे मला मुळीच पटत नाही. आम्ही जॉबचे जुने लॉग हलवून डेटाबेसपुरती जागा केली, टॅग नसलेल्या इमेजही काढण्याचा पर्याय निवडून कलेक्शन चालवले आणि निम्म्याहून अधिक डिस्क मोकळी झाली. कोटेशन परत केले.

या प्रसंगापूर्वी माझे मत असे होते की आमच्याएवढ्या कारखान्याला हार्बर जड आहे. त्याला किमान २ सीपीयू, ४ जीबी मेमरी आणि ४० जीबी डिस्क लागते, तर साधी डिस्ट्रिब्युशन रजिस्ट्री एका कंटेनरात चालते. ते मत मी आता बदलले आहे. साध्या रजिस्ट्रीत इमेज काढण्याची सोय मुळात बंद असते आणि कलेक्शनच्या वेळी ती केवळ वाचनापुरती ठेवावी किंवा थांबवावी लागते. हार्बरमध्ये २.१ आवृत्तीपासून हे काम पुश-पुल (इमेज चढवणे-उतरवणे) चालू असतानाच होते, शिवाय गेल्या २ तासांत चढवलेल्या लेयरना हात लावला जात नाही. तिन्ही पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यासाठी ही गोष्ट मेमरीच्या खर्चापेक्षा मोलाची आहे.

इमेज आत आणण्याबाबत एवढेच सांगतो की डॉकरच्या सेव्ह आदेशाने बनवलेली टार फाइल आत नेऊन पुश केली की डायजेस्ट (इमेजच्या आशयावरून काढलेली तिची ओळखखूण) बदलू शकतो आणि डायजेस्टने बांधलेली मॅनिफेस्ट (काय चालवायचे ते क्लस्टरला सांगणाऱ्या फाइली) मग चालत नाहीत. स्कोपिओ या इमेजची प्रत करणाऱ्या साधनाने सर्व आर्किटेक्चरसह (प्रोसेसरच्या सर्व प्रकारांसह), डायजेस्ट राखण्याचा पर्याय देऊन केलेली प्रत आम्हाला विश्वासार्ह वाटली. इमेजमधल्या सुरक्षा त्रुटी शोधणाऱ्या ट्रिव्हीचे स्कॅनिंगही इंटरनेटविना चालते, मात्र त्याचा डेटाबेस स्वतः आणून ठेवावा लागतो आणि आपोआप अद्ययावत करण्याचा पर्याय बंद करावा लागतो.

आता कलेक्शन दर आठवड्याला चालते, त्याआधी ड्राय रन (प्रत्यक्ष न पुसता केलेली चाचणी) घेऊन काय जाणार आहे ते पाहिले जाते, आणि डेटाबेस डिस्कच्या वेगळ्या विभागावर (पार्टिशनवर) हलवला आहे. डिस्कसाठी मंजूर झालेल्या रकमेतून रजिस्ट्रीच्या यंत्राला नव्या यूपीएस बॅटऱ्या घेतल्या, कारण पावसाळ्यात वीज वारंवार जाते आणि नोड पुन्हा सुरू होताना रजिस्ट्री आधी उभी असणे आम्हाला अत्यावश्यक आहे.